निंबाने वाढवलेली वयं

धावडखेड्यात कोणी वारलं की घरातला एकजण आधी निंबाला बोलवायला धावायचा, मग नातेवाइकांना फोन लावायचा.

निंबा ग्रामपंचायतीचा शिपाई. सकाळी पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवायचा, टँकर आला तर रांग लावायची, संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लावायचे, आणि मधल्या वेळात वरून मागितलेले कागद भरून द्यायचे. ग्रामसेवक शिंदखेड्याहून आठवड्यातून दोनदा येत. त्यामुळे मृत्यूची नोंदवही नावाला ग्रामसेवकाची असली तरी राहायची निंबाच्या कपाटात. अक्षर त्याचं सुंदर. एकेक अक्षर सुटं, टपोरं, पहिलीच्या मुलाला गिरवायला द्यावं असं.

तो मयताच्या घरी जाऊन ओट्याच्या कडेला बसे. घाई करत नसे. बायांचा पहिला आकांत ओसरला की हळूच वही उघडे आणि विचारी, "नाव सांगा. वय सांगा. कशाने गेले?"

हा शेवटचा प्रश्न उन्हाळ्यात अवघड व्हायचा. शिंदखेड्याकडचं मे महिन्यातलं ऊन ज्याने सोसलंय त्याला सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. पत्र्याच्या घरात हंड्यातलं पाणी हाताला चटका देतं. धडधाकट माणूस शेतातून येतो, डोकं धरून बसतो, बरळायला लागतो, घाम थांबतो, आणि तासाभरात संपतो. घरच्यांना कळत नाही असं नाही, पण तोंडातून 'ऊन' हा शब्द निघत नाही. तो शब्द कागदावर आला की पोलीस पाटील आले, पंचनामा आला, प्रेत ट्रॅक्टरवर घालून तालुक्याला न्यायचं, तिथे चिरफाड, आणि अग्नी मिळणार दुसऱ्या दिवशी. शिवाय गावाचं तोंड कोण धरणार? म्हाताऱ्या माणसाला उन्हात कोणी सोडलं? सून काय करत होती? मुलाला डोळे नव्हते का?

निंबाला माणसांची दया येई. तो म्हणे, "राहू द्या. वार्धक्य लिहितो."

आता अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला वार्धक्य कसं येईल? म्हणून निंबा वय वाढवायचा. अठ्ठावन्नचे सत्तर, एकसष्टचे बहात्तर. विचारणारं कोणी नव्हतं. गावातली निम्मी म्हातारी माणसं आधार कार्डावर एक जानेवारीला जन्मलेली. ती तारीखही कोणीतरी अंदाजानेच टाकलेली. जो माणूस गेलाच, त्याला कागदावर दहा वर्षं जास्त दिली तर कोणाचं काय गेलं, असं निंबाला वाटे. अगदीच तरुण कोणी असेल तर 'हृदयविकार'. सूर्य मावळायच्या आत अग्नी मिळायचा आणि लोक निंबाचे हात हातात घ्यायचे.

अठरा वर्षं हे असं चाललं होतं. वरून दर उन्हाळ्यानंतर एक तक्ता येई: उष्माघाताने मृत्यू किती? निंबा त्यात टपोऱ्या अक्षरात 'निरंक' लिहून पाठवी. निरंक लिहिलं की उलट प्रश्न येत नाही, हे त्याला पहिल्याच वर्षी शिकवलं गेलं होतं.

*

दिपमाला मॅडम त्या वर्षी दिवाळीनंतर ग्रामसेवक म्हणून आल्या. जळगावच्या मेहरूणमधल्या, वय तिशीच्या आसपास, बोलायला मोकळ्या. डिसेंबरात त्या धुळ्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण करून आल्या आणि येताना एक जाडजूड तक्ता घेऊन आल्या. पुढच्या पाच वर्षांचा गावाचा आराखडा करायचा होता, आणि यंदा त्यात हवामान बदलाची जोखीम मोजायची होती.

"अवघड काही नाही, निंबाभाऊ," त्या म्हणाल्या. "तीनच गोष्टी. संकट केवढं, त्याची झळ कोणाकोणाला, आणि गावाची सोसायची ताकद किती. तिन्हींना गुण, ताकद कमी असेल तर गुण जास्त. बेरीज करायची. बेरीज जास्त आली तर गाव अति जोखमीचं."

"आणि मग?"

"मग अंगणवाडीवरचा पत्रा जातो. जाड छत येतं, सौर पंखे येतात, शेजारी एक गार खोली. दुपारी बारा ते चार कोणीही येऊन बसायचं. प्यायला पाणी, मिठाचं पाणी, एक खाट. ऊन लागलेल्या माणसाला तिथे आणून ओला करायचा. पहिल्या तासात ओला केला तर माणूस वाचतो, असं डॉक्टर सांगत होते."

पहिला तास. निंबा वही घेऊन पोचायचा तेव्हा तो तास नेहमीच होऊन गेलेला असे.

अंगणवाडी ग्रामपंचायतीच्या भिंतीला लागूनच होती. बावीस पोरं. मार्च उजाडला की पत्रा इतका तापे की सेविका अकराच्या आतच त्यांना घरी धाडी. आणि घरीही पत्राच.

दोघं संध्याकाळपर्यंत तक्ता भरत बसले. पाऊस, विहिरी, टँकर, घरांची छपरं. मॅडमनी नोंदवही मागितली. पानं उलटता उलटता त्या मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या. मग पेन खाली ठेवलं.

"निंबाभाऊ, तुमच्या गावात माणसं फार जगतात हो."

"देवाची दया."

"सत्तर, बहात्तर, अठ्ठ्याहत्तर, एक्क्याऐंशी. एवढी दीर्घायुषी माणसं मी मेहरूणच्या बंगल्यांतही पाहिली नाहीत." त्यांनी बोट एका ओळीवर ठेवलं. "पण ती सगळी मे महिन्यातच का मरतात?"

निंबाने चहाची बशी खाली ठेवली. मॅडम हसत नव्हत्या.

"धुळ्यात सांगितलंय," त्या म्हणाल्या, "गेल्या पाच उन्हाळ्यांत तीन माणसं उन्हाने गेल्याचा पुरावा असेल तरच गाव अति जोखमीत धरायचं. तुमच्या वहीप्रमाणे एकही नाही. एवढ्या उन्हात एकही नाही, म्हणजे गावाची सोसायची ताकद उत्तम. तिथेही आपले गुण कापले गेले. या तक्त्याप्रमाणे धावडखेडे तालुक्यातलं सगळ्यात सुरक्षित गाव आहे."

निंबाने भिंतीपलीकडे पाहिलं. पत्रा मावळत्या उन्हात चमकत होता.

"आता काही करता येतं का?" त्याने विचारलं.

"घरच्यांचा जबाब लागेल. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत, सगळ्यांसमोर वाचून. एकतीसला तक्ता बंद." मॅडमनी वही मिटली. "आणि वहीतली वयं खोटी निघाली तर मला वर कळवावं लागेल, निंबाभाऊ. मी ते लपवणार नाही. आताच सांगून ठेवते."

*

गेल्या पाच उन्हाळ्यांतली नावं निंबाला वही न उघडता पाठ होती. त्यातल्या दोन घरांना कुलूप होतं, माणसं सुरतेला गेलेली. राहिली तीन. बरोबर तीन.

पहिली भागाबाई. तिचा नवरा वना दोन उन्हाळ्यांपूर्वी शेळ्या चारताना बांधावर पडला. निंबाने त्याला अकरा वर्षं जास्त दिली होती. भागाबाई शेण थापत होती. सगळं ऐकून म्हणाली, "भाऊ, तवय तू सांगं वार्धक्य, मी म्हनं बरं. आते तू सांगस ऊन, तर मी म्हनसू ऊन. ऊनच व्हतं ते." आणि शेणाचा हात पदराला पुसून अंगठा पुढे केला.

दुसरे माणकचंद. चौकात त्यांचं किराणा दुकान. आजोबा राजस्थानातून आलेले, पण ते स्वतः इथेच वाढलेले. त्यांच्या आई सुगनबाई मागच्या मे महिन्यात माडीवरच्या खोलीत गेल्या. माडीला पत्रा. दुपारी वीज गेली होती आणि खाली गिऱ्हाईक होतं.

माणकचंदांनी निंबाला आत गादीवर बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाले, "निंबाभाऊ, तुमचे उपकार मी विसरलो नाही. तुम्ही वार्धक्य लिहिलंत म्हणून आम्ही समाजात मान वर करून बसलो. आता ग्रामसभेत वाचायचं, की माणकचंदची आई पंख्यावाचून तडफडली आणि माणकचंद खाली साखर मोजत होता?"

"असं नाही वाचणार, शेठ."

"लोक तसंच ऐकतील."

तिसरा सुकदेव. त्याची बायको पाच उन्हाळ्यांपूर्वी गेली. शेतात पऱ्हाट्या, कापसाची वाळलेली झाडं, उपटायचं काम राहिलं होतं. ट्रॅक्टरवाल्याने नांगरायला दुसऱ्या दिवशीची वेळ दिली होती, म्हणून दोघं भर दुपारपर्यंत उपटत राहिले. ती अडतीस वर्षांची. अडतीसला वार्धक्य लिहिता येत नाही, म्हणून हृदयविकार.

सुकदेवने दारातच ऐकून घेतलं. आत त्याचे वडील नवलआबा खाटेवर बसले होते.

"निंबाभाऊ, लोके काय म्हनतीन?" सुकदेव दबक्या आवाजात म्हणाला. "सुकदेवनी बायकोले उनमा राबाडी राबाडी मारी टाकं. मना सासरा आज बी मनाशी बोलत नही. त्याले फक्त हार्ट अटॅक माहीत शे."

"सुकदेव, पाचवा उन्हाळा शे हा. पुढला वरीस ही नोंद धरतीन नही."

"मंग नका धरू."

आतून नवलआबा खोकले. "काय सांगी राह्यना रे तो?" त्यांनी विचारलं.

"काही नही, आबा. पाणीना व्हॉल्व्हनं सांगी राह्यना."

निंबा ग्रामपंचायतीत परतला तेव्हा मॅडम निघायच्या तयारीत होत्या. त्याने झालं ते सांगितलं आणि म्हणाला, "मी आधी उभा राहतो. माझी आई सहा उन्हाळ्यांपूर्वी गेली. तीही उन्हानेच."

"सहा? मग ती यात बसत नाही. तुम्ही बोलून एक गुणसुद्धा वाढणार नाही. उलट नोकरीवर येईल."

"मी स्वतःचं सांगितल्याशिवाय दुसऱ्याला कोणत्या तोंडाने सांगू, मॅडम?"

*

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, पोरांना गोळ्या वाटल्या आणि ग्रामसभा बसली. सरपंच शालिग्रामआबांनी गावाच्या कमानीचा विषय आधी घेतला. कमान सगळ्यांना हवी होती, ते पाच मिनिटांत झालं. मग मॅडमनी तक्ता समजावून सांगितला आणि निंबा उभा राहिला.

आयुष्यभर दवंडी दिलेला माणूस, पण त्या दिवशी त्याचा आवाज मागच्या रांगेला पोचेना.

"जरा मोठ्याने, निंबा! पाणी सोडलंय का काय सांगतोस?" कोणीतरी म्हणालं. लोक हसले.

"मनी माय कौतिकबाई," निंबा म्हणाला. "वहीमा मी तिनं वय बहात्तर लिखेल शे. ती एकसष्टनी व्हती."

हसणं थांबलं.

"त्या दिवशी टँकर व्हता. रांग मी लायेल व्हती. मना घरना हंडा मी कायम बठ्ठास्ना मांगे, शेवटले ठेवू, कोनी बोट दाखाडाले नको म्हनीसन. माय दोन तास उनमा उभी राह्यनी. बाया म्हनेत, अक्का पुढे ये. ती म्हने, नको, मना पोऱ्याले बोल लागी. मी तिले दखी राह्यंतू. पंधरा पावलंवर व्हती. हंडा भराना आन ती खाले बसनी. तिले ऊन लागनं. ऊन लागीसन मरनी. मी वार्धक्य लिखं. तुम्हना घरना बी मीच लिखेल शेत. आते ज्याले सांगानं, त्यानी सांगा."

भागाबाई उठली, "मना घरनं बी ऊनच," म्हणाली आणि बसली.

माणकचंद सभेला आलेच नव्हते. दुकान उघडं होतं. सगळ्यांच्या नजरा हळूहळू सुकदेवकडे वळल्या, कारण त्याच्या बायकोचं काय झालं हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. तिला शेतातून आणणाऱ्या बैलगाडीला यातल्याच चौघांनी हात लावले होते. पुढच्या रांगेत त्याचा सासरा बसला होता; एकट्या त्याला ते कोणी सांगितलं नव्हतं.

सुकदेव उठला. "मनी बायको हार्ट अटॅकनी गयी," तो म्हणाला. "वहीमा शे तेच खरं शे." आणि चपला हातात घेऊनच बाहेर पडला.

शालिग्रामआबांनी निंबाकडे पाहिलं. "कळतंय का तुला काय बोलून बसलास? हे सगळं इतिवृत्तात जाईल."

"जाऊ द्या, आबा."

ते गेलं. एकतीसला तक्ता बंद झाला: उष्माघाताने मृत्यू, एक. जोखीम, मध्यम. गार खोली मिळाली नाही, कमान मिळाली. मार्चमध्ये निंबाला निलंबनाची नोटीस आली. ती मॅडमनी स्वतः त्याच्या घरी आणून दिली आणि ओट्यावर बसून राहिल्या. निंबानेच त्यांना चहा पाजला. व्हॉल्व्हची किल्ली आणि कपाटाची किल्ली त्याने एकाच दोऱ्यात बांधून त्यांच्या हातात दिली.

*

मेच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस सलग पारा शेहेचाळीसवर राहिला. पाखरं कडुनिंबाखाली चोच उघडी ठेवून बसत. निंबा दुपारी दार लोटून अंधारात पडून राही. व्हॉल्व्ह आता दुसऱ्या कोणाकडे होता आणि पाणी वेळेवर येत नव्हतं.

अडीचच्या सुमाराला दार वाजलं. बाहेर सुकदेव उभा होता. डोक्याला काही नाही, पाय अनवाणी.

"आबा गया," तो म्हणाला. "मी खत आनाले गयथू. घरमा पत्रा. बरळे, म्हने, पऱ्हाट्या राही गयात. मी तोंडवर पाणी मारं. बस, तितलंच. आखो काय करतस ते माले माहीतच नही, निंबाभाऊ."

निंबाने त्याला आत ओढून माठाजवळ बसवलं. सुकदेव पाणी प्याला, आणि मग सवयीने म्हणाला, "तू लिखी दे काहीतरी."

"मी आते लिखत नही, सुकदेव."

"मंग मी काय सांगू मॅडमले?"

अठरा वर्षं हा प्रश्न निंबाला विचारला गेला होता आणि अठरा वर्षं त्याच्याकडे उत्तर तयार असायचं.

"आबानं वय काय?"

"सहासष्ट."

"मंग सहासष्टच सांग. आन जे व्हयनं ते सांग."

दोघं ग्रामपंचायतीत गेले तेव्हा मॅडमनी वही उघडलेलीच होती. बातमी आधी पोचली होती. सुकदेव टेबलाशी उभा राहिला. नाव सांगितलं, वय सांगितलं. कारणाच्या रकान्याशी मॅडमचं पेन थांबलं.

"ऊन," सुकदेव म्हणाला.

"प्रेत शिंदखेड्याला न्यावं लागेल, भाऊ. अग्नी उद्या."

"न्या." तो तसाच उभा राहिला. मग टेबलाची कड धरून म्हणाला, "आन मनी बायको बी लिखा. ती बी ऊनवरीच गयी. मना सासराले मी सांगसू. बठ्ठास्ना समोर सांगसू. म्हंजे वनादादा, ती आन आबा. तीन व्हयनात ना?"

मॅडमनी निंबाकडे पाहिलं. निंबाने मान खाली घातली. मग मॅडमनी बोटांवर मोजून दाखवलं, लहान मुलाला दाखवावं तसं हळूहळू. आराखडा जानेवारीत बंद झाला. आता पुरवणी तक्ता येईल पुढच्या जानेवारीत. त्यात हा उन्हाळा धरून पाच उन्हाळे मोजतील. म्हणजे मागचा एक उन्हाळा गळणार. गळणारा उन्हाळा सुकदेवच्या बायकोचा होता.

"जानेवारीत सांगितलं असतं तर?" सुकदेवने विचारलं.

"तर दोन झाले असते," मॅडम म्हणाल्या. "तेव्हाही एक कमीच पडला असता, भाऊ." त्या खरं बोलत होत्या, पण सुकदेवला त्यातलं पहिलंच वाक्य ऐकू आलं, हे निंबाला दिसलं.

"आन आते?"

"आताही दोन. तुमचे आबा आणि वनादादा."

"म्हंजे आखो एक कमी," सुकदेव म्हणाला.

मॅडमनी वहीत मागच्या उन्हाळ्याचं पान काढलं आणि सुगनबाईंच्या ओळीवर बोट ठेवलं. भिंतीपलीकडे अंगणवाडीचा पत्रा तापून मधूनच टण्ण वाजत होता.

ट्रॅक्टर आला. नवलआबांना ट्रॉलीत ठेवलं, वर ओलं धोतर टाकलं. निंबा सुकदेवबरोबर मागे बसला, बादली आणि तांब्या घेऊन. चौकापर्यंत जाईस्तोवर धोतर वाळलं आणि त्याने ते पुन्हा भिजवलं. आता त्याचा काही उपयोग नव्हता, तरी तो भिजवत राहिला.

चौकात माणकचंद दुकानाच्या पायरीवर हात जोडून उभे होते. त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं होतं, मयत जाताना ओढतात तसं. ट्रॅक्टर वळणावर हळू झाला. निंबाने त्यांच्याकडे पाहिलं. वही उघडून ओट्याच्या कडेला बसल्यावर पाहायचा तसं.

माणकचंदांची नजर निंबावरून ट्रॉलीतल्या ओल्या धोतरावर गेली, तिथून वर स्वतःच्या माडीवर. माडीचा पत्रा उन्हात पांढरा पडला होता. त्यांचे ओठ हलल्यासारखे झाले.

ट्रॅक्टरने वळण घेतलं. मागे शटर वर गेल्याचा आवाज आला.

निंबाने बादलीत तांब्या बुडवला. पाणी संपत आलं होतं आणि शिंदखेडा अजून नऊ मैलांवर होता.